जस्मिनचं मेज

जस्मिनच्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा तिने ते कुणालाच सांगितलं नाही.

तिला त्या दुखण्याचं नाव माहीत होतं. स्पेलिंगसकट. तिचं कामच ते होतं. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाल्यावर जे बोलतात ते हेडफोनमधून ऐकायचं आणि त्याचा रिपोर्ट करायचा. हल्ली पहिला खर्डा मशीनच काढतं. पण मशीन डाव्याच्या जागी उजवा ऐकतं, डॉक्टर बोललेच नाहीत असं औषध मधेच घालतं. त्या चुका पकडायला माणूस लागतो. केडगावच्या एका खोलीत बसून जस्मिनने कुणाकुणाचे गुडघे, मणके आणि मूत्रपिंडं कागदावर जागच्या जागी बसवली होती. बोटं बधिर होणाऱ्या बायकांचे रिपोर्ट तर रोजचे. त्यांची शेवटची ओळ बहुतेक ऑपरेशनची असायची.

आता ती ओळ तिला स्वतःच्या मनगटावर दिसायला लागली.

काळजी तिच्या रक्तात होती. ती मूळची दौंडची, रेल्वे क्वार्टरमधली. वडील थांबलेल्या गाडीच्या कडेने हातोडी घेऊन चालायचे. एकेका चाकावर ठोका मारायचे आणि कान देऊन ऐकायचे. आवाज खणखणीत आला तर चाक चांगलं. बद्द आला तर गाडी थांबवायची. ते घरी आले तरी कान तसाच. पातेलं पडलं तरी कोणतं पडलं ते सांगायचे. जेवताना मधेच घास थांबवायचे. "त्या सातव्या डब्याचं चाक बरोबर वाजलं ना?" असं आईलाच विचारायचे. आई म्हणायची, "मला काय विचारता, मी काय डब्याखाली होते?" पण त्या रात्री घरात कुणाला नीट झोप लागायची नाही.

लग्न होऊन जस्मिन केडगावला आली ती हा कान घेऊनच.

नवरा टोनी कोरेगाव भीमाच्या पुढे एका कारखान्यात. तिथेच चौघांत एक खोली घेऊन राहतो, शनिवारी संध्याकाळी घरी येतो. सासरे शलमोन आयुष्यभर मिशनचा ट्रॅक्टर चालवत होते. ते गेल्या वर्षी गेले. मागे राहिल्या सासूबाई, प्रेमाबाई. त्या लहानपणापासून मिशनच्या आश्रमात वाढलेल्या, तिथेच शिवणकाम केलेल्या. काचबिंदूने त्यांचे डोळे आत आत मिटत गेले. आता त्यांना उजेड कळतो, सावली कळते. माणूस कळत नाही.

दोन महिन्यांपूर्वी प्रेमाबाईंनी दूध तापवायला ठेवलं. गॅसचं बटण फिरवलं, काडीपेटी सापडेना म्हणून शोधायला लागल्या, आणि शोधता शोधता मागच्या दारी जाऊन बसल्या. जस्मिन भिंतीकडे तोंड करून, कानात हेडफोन घालून एका म्हाताऱ्याच्या फुप्फुसाचा रिपोर्ट ऐकत होती. नाकाला वास आला म्हणून उठली. त्या दिवसानंतर ती पाणी प्यायला उठली तरी आधी स्वयंपाकघरात जाऊन बटणं बघायची.

म्हणून घरून काम करणं ही तिची हौस नव्हती. तिला दुसरा इलाजच नव्हता.

पण ते काम होतं सासूबाईंच्या शिलाई मशीनवर. मशीन आत दुमडून ठेवायचं, वर लॅपटॉप मांडायचा. खाली पायपट्टी आणि चाक, त्यामुळे पाय सरळ जात नसत. जस्मिन तीन वर्षं तिरकी बसत होती. मशीनच्या फळीची कड मनगटाला काचायची. तिने तिथे फडकं बांधलं. मग फडक्याची घडी काचायला लागली.

एका रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. त्या देवळात पुढे सागवानी मेज आहे, उंच, समोरच्या फळीवर द्राक्षांचे घोस आणि गव्हाच्या लोंब्या कोरलेल्या. ते गावातल्या हौसराव सुतारांनी दोन वर्षांपूर्वी करून दिलं होतं. पाळकसाहेब त्यामागे उभे होते. जस्मिनने रांगेत येऊन लहानसा प्याला उचलला, आणि तो तिच्या बोटांतून सुटला. मेजावरच्या पांढऱ्या कपड्यावर लाल डाग पसरला.

पाळकसाहेबांनी दुसरा प्याला पुढे केला. तिचे कान तापले.

सोमवारी तिने कंपनीला कळवलं. हात दुखतो, कामाची जागा नीट नाही, काही दिवस कमी काम देता येईल का. उत्तर लगेच आलं आणि फार गोड आलं. तुमच्या तब्येतीची आम्हाला काळजी आहे. पुढच्या पंधरवड्यात गुरुवारी दुपारी व्हिडिओवरून तुमची घरची जागा तपासू. टेबल कोपराच्या उंचीचं असावं. गुडघे आत जावेत, पाय जमिनीला टेकावेत. स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत असावा. मागे पलंग दिसू नये. जागा योग्य नसेल तर सोमवारपासून पुण्याच्या ऑफिसात यावं. तिथे टेबलं उत्तम आहेत.

"मग ये की पुण्याला," टोनी फोनवर म्हणाला. "तुला आयतं उत्तम टेबल मिळतंय."

"आणि आई?"

टोनी म्हणाला, "टेबलच घेऊ आपण."

टेबल घेणं एवढं अवघड असतं हे तिला माहीत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ती मोबाइलवर टेबलं बघायची. प्रत्येक फोटोत पांढरी भिंत, एक खिडकी, एक कुंडी. एकाही फोटोत सिलिंडर नव्हता, एकाही फोटोत सासू नव्हती. तिने प्रेमाबाईंची शिवणाची टेप काढली आणि खोली मोजली. पलंग, कपाट आणि आत उघडणारं दार यांच्यामध्ये जी जागा उरत होती ती एखाद्या चटईएवढी. जी टेबलं त्या जागेत बसत होती त्यांत पाय बसत नव्हते. ज्यांत पाय बसत होते ती दाराला अडत होती. आणि जे एक बरं वाटलं, ते गुरुवारनंतर येणार होतं.

ती चौफुल्याला फर्निचरच्या दुकानात गेली. दुकानदार चांगला होता. त्याने खुर्ची ओढून दिली. "बसून बघा मॅडम. हे सगळे ऑफिसवाले नेतात."

ती बसली. डोळे मिटून हवेत टाईप करू लागली. टेबल डुगडुगलं.

"हलतंय."

"फरशी खालीवर हाय हितली."

ती दुसऱ्या टेबलाशी बसली. तिथे गुडघे ड्रॉवरला लागले. तिसऱ्याची की-बोर्डची फळी ओढल्यावर एका बाजूने खाली आली. मुलीच्या लग्नासाठी कपाट बघत असलेलं एक कुटुंब हातातलं सोडून तिच्याकडे बघायला लागलं.

"मॅडम, तुम्ही काय वाजवताय?" दुकानदाराने विचारलं. "पेटी?"

ती हसली, पण घरी येताना गुरुवारला किती दिवस उरले ते मोजत आली. दिवस जात होते.

शेवटी तिने हौसराव सुतारांना फोन केला. घरी येऊन माप घ्या, मला कामाचं टेबल करून द्या, असं सांगणार होती. पण रंधा मशीनच्या आवाजात त्यांना काही ऐकू गेलं नाही. "उद्या येतो, उद्या," ते म्हणाले आणि फोन ठेवला. ते उद्या आले नाहीत. परवाही नाही. आले ते तिसऱ्या दिवशी, ऐन शिफ्टमध्ये.

कानात एक डॉक्टर भरभर बोलत होता. जस्मिनला ते थांबवता येईना. तिने हातानेच प्रेमाबाईंच्या दिशेने खूण केली. सासूबाई उंबऱ्यापाशी गेल्या. हौसराव बाहेर चपला काढून उभे राहिले. त्यांचे ओठ हलले, प्रेमाबाईंचे हलले. प्रेमाबाईंनी हात पसरून काहीतरी रुंदी दाखवली. हौसरावांनी एकदा भिंतीवरच्या शलमोनच्या फोटोकडे बघितलं, मान डोलावली आणि गेले.

जस्मिनने हेडफोन काढले. "आई, ते माप न घेताच गेले?"

"तो म्हणाला, माप हाय माझ्याकडं. काळजी करू नका."

"कसं असेल त्यांच्याकडे?"

"सुतार आहे तो. नजरेने घेतलं असेल."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"हेच. जस्मिनला मेज हवं आहे. चांगलं भक्कम, टिकाऊ कर. गुरुवारच्या आत दे."

प्रेमाबाई टेबलाला मेज म्हणायच्या. नाश्त्याला न्याहारी आणि पँटला विजार. आश्रमात ज्या परदेशी मडम होत्या, त्या पुस्तकातून मराठी शिकलेल्या होत्या आणि मुलींना तेच शिकवायच्या. टोनी चिडवायचा, "आई, तुझं मराठी शंभर वर्षांपूर्वी छापलंय." घरात सगळ्यांना त्याची इतकी सवय होती की जस्मिनला त्या शब्दात काही वावगं वाटलं नाही.

तिला खटकत होतं ते माप. रात्री तिने टोनीला सांगितलं. टोनी म्हणाला, "तू झोपेतसुद्धा चाकं ठोकून बघतेस."

हौसरावांनी रविवारचा वायदा केला. रविवार गेला. सोमवारी ते म्हणाले, पॉलिश वाळतंय. मंगळवारी म्हणाले, काम असं झालंय की बघत राहाल. हे ऐकून तिची भीती वाढली. टेबलाकडे कोण बघत राहतं?

बुधवारी दुपारी पिकअप दारात उभी राहिली. हौसराव आणि गाडीवाला दोघांनी मिळून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी खाली उतरवलं, अगदी बेताने, नवरीला उतरवावं तसं. गोणपाट निघालं.

वर शेवंतीचा हार होता. खाली मेज होतं.

देवळातलंच जणू. तेवढंच उंच, जस्मिनच्या छातीला लागेल असं. समोरची फळी जाड सागवानाची. दोन्ही कडांना द्राक्षांचे घोस, लोंब्या, आणि मधे कोरलेली अक्षरं: शलमोन.

जस्मिनने गाडीत अजून काही आहे का ते वाकून बघितलं.

"सलाम, बाई," हौसराव प्रेमाबाईंना म्हणाले. "घ्या. मेज आलं."

"मामा," जस्मिन म्हणाली, "माझं टेबल कुठंय?"

"टेबल? टेबल कुणी सांगितलं व्हतं?"

"मला काम करायचंय त्याच्यावर. कॉम्प्युटर ठेवून. बसून."

हौसराव तिच्याकडे बघत राहिले, मग मेजाकडे. "बसून? याच्यावर तर उभ्यानंच करत्यात की. पाळकसायेब उभ्यानंच करत्यात." मग त्यांचा आवाज उतरला. "बाई मेज म्हणल्या. तुमच्यात मेज म्हंजी येकच आसतं ना? देवळाच्या कमिटीनं सांगितलं तवाच मी त्यो शबूद पयल्यांदा ऐकला. मला वाटलं, शलमोन आबांना वरीस झालं, त्यांच्या नावानं दुसऱ्या देवळात द्यायचं आसंल. भिंतीवर फोटू बघितला आन् खात्रीच पटली. माप हुतंच माझ्याकडं."

"आणि नाव?"

"नाव मी माझ्या मनानं घातलं. त्याचं काय घेणार न्हाई." ते थोडं थांबले. "माझी लेक रतन बाळंतपणाला अडली हुती. सगळा चिखल, गाडी जाईना. आबांनी ट्रॅक्टर काढला. मी मागं ट्रॉलीत तिचं डोकं मांडीवर घिऊन बसलो. ते इसरतो व्हय मी."

प्रेमाबाई हात पुढे करून आल्या. बोटं फळीला लागली. आधी द्राक्षं चाचपली, एकेक मणी. मग बोटं अक्षरांवर गेली. श. ल. मो. तिथे त्या थांबल्या, परत मागे आल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. नवऱ्याचा फोटो त्यांना आता दिसत नव्हता. बरेच दिवस दिसत नव्हता.

जस्मिन दाराला टेकून उभी होती. उद्या दुपारी तपासणी. चौफुल्याचं ते डुगडुगणारं टेबल आज आणता येईल का? गाडी दारात आहे. पण मग हे कुठे ठेवणार? आणि कोणत्या तोंडाने म्हणणार, मामा, परत न्या? तिने मूठ वळली. करंगळी सोडून सगळी बोटं बधिर.

"जस्मिन," प्रेमाबाईंनी विचारलं, "उंच झालं का ग?"

"हो, आई."

"मग पाय कापून टाक म्हणावं."

हौसराव दोन पावलं मागे सरले. "न्हाई बाई. ते मला सांगू नका."

"का?"

"देवाच्या कामाचं लाकूड हाय. त्याला करवत मी लावणार न्हाई."

"अरे, देवाच्या कामाला अजून लागलंय कुठं? प्रार्थना झालेली नाही त्याच्यावर. अजून लाकूडच आहे."

"तुमच्यासाठी लाकूड आसंल. मी चपला काढून घडवलंय. मटण सोडलं हुतं घडवंस्तवर."

प्रेमाबाईंना हसू आलं. "आमच्या मेजासाठी तू मटण सोडलंस? अरे, आम्हीसुद्धा सोडत नाही."

"तुम्ही सोडा न्हाईतर खावा. मला म्हाईत न्हवतं तुमच्यात काय चालतं. म्हणलं आपल्याकडून चूक नको."

जस्मिनने हात जोडले. "मामा, उद्या मी नापास झाले तर सोमवारपासून मला पुण्याला जावं लागेल. आई दिवसभर एकट्या. आठवतंय ना, गॅसचं?"

सगळ्या गावाला आठवत होतं. हौसरावांनी मान खाली घातली. पण पिशवीतल्या करवतीला हात लावला नाही.

मग प्रेमाबाई म्हणाल्या, "करवत इकडे दे."

"बाई, दिसत न्हाई तुम्हाला."

"म्हणूनच दे. पहिला कट मी घालते. पाप लागलं तर मला लागेल, आणि माझा हिशेब फार दिवस राहिलेला नाही. पुढचं तू कर."

हौसरावांनी जस्मिनकडे बघितलं. जस्मिनने जमिनीकडे.

मेज अंगणात आडवं केलं. तेवढ्यासाठी हार काढून तुळईच्या खिळ्याला अडकवला. या वेळी माप घेतलं. जस्मिन खुर्चीत बसली, कोपर दुमडलं, हौसरावांनी पेन्सिल धरली. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं, तिला उठवून पुन्हा बसवलं. मग खुणेवर करवत ठेवली, प्रेमाबाईंचे हात मुठीवर आणले आणि वरून आपले हात धरले. दोघांचे ओठ हलत होते. कोण काय पुटपुटत होतं ते कळलं नाही. करवत एकदा पुढे गेली, एकदा मागे आली. पांढरा भुसा प्रेमाबाईंच्या पायावर पडला.

"झालं," त्या म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

मग हौसरावांनी चारही पाय कापले.

मेज आत आणलं, भिंतीला लावलं. जस्मिन खुर्ची ओढून बसायला गेली आणि गुडघे धाडकन फळीवर आदळले. समोरची फळी रुंद होती. पाय आत जाईनात.

आता उरलं होतं ते फळी कापणं, आणि फळीवर शलमोन होते. हौसरावांनी करवत हळूच पिशवीत घातली आणि पिशवीचं तोंड बांधलं.

जस्मिन खुर्चीतून उठली. मेजाच्या भोवती एकदा फिरली. परत फिरली. मागच्या बाजूला फळी नव्हती. पाळक तिकडे उभे राहतात, लोक इकडून बघतात. कोरीव काम लोकांसाठी. मागची बाजू मोकळी, फक्त एक सुटी फळी, प्याल्यांचं ताट ठेवायला. तिने ती ओढून काढली.

"मामा, हे पुढे ओढा," ती म्हणाली. "मी भिंतीकडे पाठ करून बसते."

ओढलं. ती भिंत आणि मेजाच्या मधे बसली. गुडघे आत गेले. पाय जमिनीला टेकले. कोपर मेजावर असं आलं की खांदा वर चढवावा लागेना. तीन वर्षांत पहिल्यांदा ती सरळ बसली, आणि सरळ बसल्यावर तिला समोर स्वयंपाकघराचं दार दिसलं. ओटा दिसला. गॅसची बटणं दिसली.

तिने बसल्या जागेवरून एकेक बटण बंद आहे का ते बघितलं.

फक्त लॅपटॉपचा स्क्रीन डोळ्यांच्या रेषेच्या खाली येत होता. हौसराव अंगणात गेले, पायांचे कापलेले तुकडे घेऊन आले, भुसा पुसला आणि ती सुटी फळी त्या चार तुकड्यांवर ठेवली. वर लॅपटॉप बसला, खाली सुटा की-बोर्ड. "टाकून द्यायचं जिवावर आलं," ते म्हणाले. जाताना चपला घालून परत आत डोकावले. "उद्या काय हुतं ते कळवा. जेवण जाणार न्हाई."

जस्मिनचंही गेलं नाही.

गुरुवारी दुपारी व्हिडिओवर सुषमा मॅडम आल्या. तरुण होत्या, हसऱ्या होत्या.

"कोपर दाखवा. छान. गुडघे? ओके. मागे भिंत आहे, गुड. वायर जमिनीवर पडलीय, ती वर बांधून घ्या. स्क्रीन कशावर ठेवलाय?"

"लाकडावर."

"आता जरा समोरून दाखवा टेबल."

जस्मिन लॅपटॉप उचलून पुढे आली. कॅमेरा फिरवला, आणि त्यात प्रेमाबाई आल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या तिला कळलं नव्हतं. बोटं शलमोनच्या नावावर होती.

सुषमा मॅडमचं हसू गेलं. "या कोण?"

"सासूबाई."

"कामाच्या वेळी खोलीत असतात? तुम्हाला माहितीये ना, पेशंटची माहिती आहे. दुसरं कुणी नको."

"त्यांना दिसत नाही, मॅडम."

"पण ऐकू येतं?"

जस्मिन काम हेडफोनवर करायची, पण अवघड शब्द मोठ्याने म्हणून बघायची तिची सवय होती. ते सांगावं का? सांगितलं म्हणून तर ही तपासणी आली होती.

"मला इंग्रजी येत नाही, बाई," प्रेमाबाई कॅमेऱ्याच्या भलत्याच बाजूला बघत म्हणाल्या. "आम्ही खेड्यातली माणसं."

सुषमा मॅडमनी काहीतरी टाईप केलं. "ठीक आहे. त्या आतल्या खोलीत बसतील असं लिहिते. सध्या तीन महिन्यांसाठी चालू ठेवा. मग परत एकदा बघू." आणि जाता जाता म्हणाल्या, "टेबल कुठून घेतलंत? कोरीव काम सुंदर आहे."

"गावातच केलं," जस्मिन म्हणाली.

स्क्रीन काळा झाला. जस्मिनने लॅपटॉप परत मेजावर ठेवला.

"आई," ती म्हणाली, "तुम्हाला इंग्रजी येतं. मडमने शिकवलंय तुम्हाला. टोनीचा अभ्यास तुम्ही घेतला होता."

"येतं थोडं." प्रेमाबाईंनी फळीवरून हात काढून घेतला. "यांच्या नावावर हात ठेवून खोटं बोलले बघ. आयुष्यात कधी बोलले नव्हते."

जस्मिनने सासूबाईंचा हात धरून त्यांना पलंगावर बसवलं आणि पाणी आणून दिलं. पाणी आणताना गॅसची बटणं बघितली. मग हौसरावांना फोन केला. रंध्याच्या आवाजात त्यांना नीट ऐकू गेलं नसावं, कारण ते दोनदा म्हणाले, "पास ना? पास?"

हात लगेच बरा झाला नाही. डॉक्टरांनी रात्री मनगटाला पट्टा बांधायला सांगितलाय. मुंग्या येतात, पण आता शिफ्टच्या शेवटी येतात, सुरुवातीला नाही. तीन महिन्यांनी काय होईल हे जस्मिनला माहीत नाही, आणि ते ती रोज एकदा तरी स्वतःला विचारते. अवघड शब्द मात्र ती आता मनातच म्हणते. प्रेमाबाई तिच्या शिफ्टमध्ये आत बसतात. सुट्टी झाली की भिंतीने चालत येतात आणि बोटं अक्षरांवर टेकवतात. मग खोलीत आपण कुठे आहोत ते त्यांना कळतं. पूर्वी पलंगाला ठेचकाळायच्या, हल्ली नाही.

पुढच्या महिन्यात प्रभुभोजन झालं. जस्मिनने प्याला दोन्ही हातांनी घेतला. सांडलं नाही.

उपासना सुटल्यावर बाजारातून येणारे हौसराव देवळाच्या फाटकाशी भेटले. हातात काळी पिशवी होती, मटणाची.

"सलाम, बाई. मेजावर प्रार्थना झाली का मग?"

"नाही रे," प्रेमाबाई म्हणाल्या. "पाळकसाहेब येतो म्हणाले होते. पण मला आधी त्यांना एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायचा धीर होईना."

"कसली गोष्ट?"

जस्मिनच्या दंडाला धरून प्रेमाबाई चालू लागल्या. थोडं पुढे गेल्यावर हळूच म्हणाल्या, "जस्मिन, परत तपासणी आली तर मी शेजाऱ्यांकडे जाऊन बसेन हं. परत विचारलं तर मला खोटं नाही सांगता यायचं."

"बरं, आई," जस्मिन म्हणाली, आणि चालता चालता शेजारची कोणती घरं तेव्हा उघडी असतील याचा विचार करू लागली.